बैठकीच्या रेकॉर्डिंगसाठी पिशवीत मावणारा प्रीअँप: घेण्याआधी करायचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. ग्वाल्हेरला लष्कर भागात घरगुती बैठकी होतात, गणपतीत मंडळांचे कार्यक्रम होतात, डिसेंबरात उघड्या मांडवातल्या मैफली असतात. हाताशी एक छोटा रेकॉर्डर आहे, ज्याला फक्त ३.५ मिलिमीटरचं माइक-इन आणि लाइन-इन (आधीच वाढवलेल्या सिग्नलसाठीचं) आहे. रोड कंपनीच्या एनटी५ जातीच्या कंडेन्सर माइकची जोडी आहे, तिला ४८ व्होल्ट फँटम (माइकच्या तारेतूनच जाणारा वीजपुरवठा) लागतं. तीन तासांची बैठक विजेच्या बोर्डाकडे न बघता रेकॉर्ड करता येईल असा, पिशवीत मावणारा प्रीअँप, म्हणजे माइकचा बारीक सिग्नल वाढवणारा डबा, कोणता घ्यावा? आणि स्वस्त प्रीअँपची हिस (सततची सरसर) बैठकीतला तंबोरा खाऊन टाकेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण पहिल्याचं उत्तर त्याच्यावर टेकलेलं आहे. तुमच्या माइकांबरोबर प्रीअँपची हिस ही तिसऱ्या नंबरची अडचण आहे. पहिला नंबर खोलीचा, दुसरा माइकच्या स्वतःच्या नॉइजचा. प्रीअँप घेताना हिसच्या आकड्यापेक्षा कमीत कमी गेन (सिग्नलची वाढ) किती आहे, माइक जोडल्यावर फँटम किती टिकतं आणि सेल किती तास चालतात, या तीन गोष्टी जास्त महत्त्वाच्या आहेत. जाहिरातीत मात्र या तीनही क्वचितच ठळक छापलेल्या असतात.

आता आकडे. एनटी५ ची संवेदनशीलता १२ मिलिव्होल्ट प्रति पास्कल आहे. म्हणजे ९४ डीबी (१ पास्कल) आवाजाला माइकमधून साधारण उणे ३६ डीबीयू इतका सिग्नल निघतो. (डीबीयू हे विजेच्या सिग्नलची पातळी मोजायचं एकक.) याच माइकचा स्वतःचा नॉइज १६ डीबीए, म्हणजे ९४ च्या ७८ डीबी खाली. उणे ३६ मधून ७८ वजा केले की उणे ११४ डीबीयू. काहीही वाजत नसताना माइक एवढी हिस स्वतःच पाठवत असतो. प्रीअँपचा इनपुट नॉइज, ज्याला कागदावर ईआयएन म्हणतात, उणे १२० डीबीयू असेल तर तो माइकच्या ६ डीबी खाली बसतो आणि एकूण हिस जेमतेम १ डीबीने वाढते. उणे १२७ चा महागडा प्रीअँप घेतला तर ती वाढ ०.२ डीबी होते. हा फरक कानाला कळत नाही. उणे १३१ च्या पलीकडचा आकडा कोणी सांगत असेल तर १५० ओहमच्या सोर्सवर तो भौतिकशास्त्रात बसत नाही, कारण नुसत्या १५० ओहमच्या रेझिस्टरचाच उष्णतेमुळे होणारा नॉइज २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात तेवढा असतो. त्याहून चांगला आकडा दिसला तर एक तर तो ए-वेटिंग (कानाला कमी ऐकू येणाऱ्या आवाजांना कमी धरायची पद्धत) लावून काढलेला असतो, किंवा इनपुट शॉर्ट करून, किंवा डीबीयूऐवजी डीबीव्हीत लिहिलेला. या शेवटच्या दोन एककांत २.२ डीबीचा फरक आहे. उणे १३० डीबीव्ही म्हणजे उणे १२७.८ डीबीयू. दोन कंपन्यांचे कागद शेजारी ठेवताना आधी एकक बघा.

आणि खोली? छताचा पंखा मध्यम वेगावर असलेली बसायची खोली ४० डीबीएच्या आसपास असते. माइकच्या नॉइजपेक्षा ही २४ डीबी वर आहे. म्हणून प्रीअँपवर दुप्पट पैसे घालण्याआधी पंखा बंद करा, फ्रिजचं बटण दाबा आणि रस्त्याकडच्या खिडक्या लावा. (फ्रिज परत चालू करायचा लक्षात राहावा म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. जुनी युक्ती आहे, पण चालते.) ज्यांच्याकडे एसएम५८ सारखा डायनॅमिक माइक (फँटम न लागणारा, पण कमी सिग्नल देणारा) आहे त्यांचा हिशेब वेगळा निघतो. त्याची संवेदनशीलता १.८५ मिलिव्होल्ट प्रति पास्कल, म्हणजे उणे १२० चा प्रीअँप लावला तर हिस २६ डीबीच्या आवाजाइतकी दिसते आणि उणे १२७ लावला तर १९ इतकी. तिथे चांगला प्रीअँप ऐकू येतो. रिबन माइकला तर तो हवाच. पण तुमची जोडी कंडेन्सरची आहे, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका.

आता ज्या गोष्टीवर बहुतेक खरेद्या फसतात ती. बैठकीत माइक कलाकारांपासून दीड मीटरवर असला तर तबल्याची थाप, तिहाईचा शेवट किंवा समोरच्या रांगेतली टाळी सहज ११० डीबीच्या शिखरापर्यंत जाते. त्या क्षणी माइकमधून उणे २० डीबीयू निघतं. छोट्या रेकॉर्डरच्या लाइन-इनची कमाल मर्यादा १ व्होल्ट धरू, म्हणजे अधिक २.२ डीबीयू. शिखर मीटरवर उणे १० ला (शून्य ही कमाल) ठेवायचं असेल तर प्रीअँपकडून हवा असलेला गेन भरतो फक्त १२ डीबी. आणि बाजारातल्या कितीतरी छोट्या प्रीअँपचा कमीत कमी गेन २० ते ३० डीबी असतो! २६ डीबीचा किमान गेन असलेला डबा लावलात तर उणे २० चं अधिक ६ होतं, आणि रेकॉर्डरचं इनपुट बटण कितीही खाली ओढलं तरी थाप चिरडलेली येते. कारण चिरडणं होतं ते रेकॉर्डरच्या पहिल्या अ‍ॅनालॉग पायरीत, आणि लेव्हलचं बटण अनेक रेकॉर्डरांत त्या पायरीच्या नंतर बसलेलं असतं. अशा फाइलची ओळख सोपी आहे: लहरीचे माथे उणे १० किंवा उणे १४ वर सपाट कापलेले दिसतात, शून्याला कधी पोचतच नाहीत. मीटर हिरवा दाखवतो आणि रेकॉर्डिंग फाटलेलं असतं.

म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न 'जास्तीत जास्त गेन किती' असा नको, 'कमीत कमी किती' असा हवा. ६० डीबीचा गेन लांबून चिमण्यांचे आवाज टिपणाऱ्याला लागतो. बैठकीला १० ते ४० डीबीची पट्टी पुरते, आणि सोबत १० किंवा २० डीबीचा पॅड (सिग्नल कमी करणारी सोय) असला तर उत्तम. गेनचं बटण पायऱ्यांचं असेल तर ते सलग फिरणाऱ्या बटणापेक्षा, म्हणजे पॉटपेक्षा, चांगलं. स्वस्त दुहेरी पॉटमध्ये खालच्या टोकाला डाव्या-उजव्या चॅनेलमध्ये १ ते ३ डीबीचा फरक पडतो आणि स्टिरिओत गायक मध्यातून सरकून पेटीवाल्याच्या मांडीवर जाऊन बसतो.

अर्थात गेन कमी ठेवला की रेकॉर्डरच्या लाइन-इनचा स्वतःचा नॉइज पुढे येतो, हेही खरं. त्याचाही हिशेब करून टाकू. लाइन-इनची डायनॅमिक रेंज ९५ डीबी धरली तर त्याचा नॉइज उणे ९३ डीबीयूच्या आसपास. प्रीअँपचा गेन १२ असेल तर तो माइकच्या टोकाला उणे १०५ सारखा दिसतो, म्हणजे सुमारे २५ डीबी आवाजाइतका. पंख्याच्या खोलीत याचा पत्ता लागणार नाही. रात्री दहानंतर, सगळं बंद असलेल्या जुन्या जाड भिंतींच्या वाड्यात, नुसत्या रुद्रवीणेचं किंवा सरोदचं आलापाचं रेकॉर्डिंग करायचं असेल तर लागेल. पण तिथे तबला नसतो, शिखरं १२-१५ डीबी खाली असतात, त्यामुळे गेन तेवढा वाढवता येतो आणि अडचण आपोआप मिटते. सूत्र एवढंच की वाढ प्रीअँपमध्ये करायची आणि रेकॉर्डर त्याच्या समतोल जागेवर, म्हणजे सिग्नल वाढवतही नाही आणि घटवतही नाही अशा जागी, ठेवायचा.

ती जागा आणि लाइन-इनची मर्यादा घरी शोधता येते. मोबाइलवरून २०० हर्ट्झचा सलग सूर वाजवा. १ किलोहर्ट्झ नको, साधे मल्टिमीटर एसीवर काहीशे हर्ट्झपर्यंतच भरवशाचे असतात. सूर लाइन-इनमध्ये द्या, रेकॉर्डरचं मीटर शून्याला आणा आणि त्याच तारेवर मल्टिमीटरने व्होल्टेज मोजा. मोबाइलचं आउटपुट पुरत नसेल तर रेकॉर्डरचं मीटर उणे ६ ला आणून व्होल्टेज वाचा आणि दुप्पट करा, ती तुमची शून्याची पातळी. आता आवाज वाढवत नेऊन रेकॉर्डरची लेव्हल हळूहळू खाली आणा. ज्या आकड्याच्या खाली लहरीचे माथे शून्याआधीच सपाट व्हायला लागतात, त्या आकड्याखाली बटण कधी न्यायचं नाही. तो आकडा कागदाच्या पट्टीवर लिहून रेकॉर्डरच्या पाठीला चिकटवा.

फँटमकडे वळू. ४८ व्होल्टचा पुरवठा प्रत्येक चॅनेलच्या एक्सएलआर जॅकच्या (माइकचा तीन पिनांचा जोड) पिन २ आणि पिन ३ ला ६.८ किलोओहमच्या रेझिस्टरमधून मिळतो. पुरवठ्याला मर्यादा ४४ ते ५२ व्होल्टची आहे आणि एका माइकने १० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह ओढावा अशी सोय असायला हवी. छोट्या डब्यात हे ४८ व्होल्ट सेलमधून एका छोट्या कन्व्हर्टरने तयार करावे लागतात, आणि काटकसर नेमकी तिथेच होते. मोकळ्या जॅकवर मीटर लावला की ४८ दिसतात, दोन माइक लावले की पुरवठा ३० वर कोसळतो. मग माइक चालतो, पण मोठ्या आवाजाला आधीच फाटतो आणि दोष बिचाऱ्या माइकला मिळतो.

तपासणी अशी. रेडिओ दुरुस्तीच्या कोणत्याही दुकानातून १० किलोओहमचे पाव वॉटचे चार रेझिस्टर आणि दोन एक्सएलआर प्लग आणा. प्रत्येक प्लगमध्ये एक रेझिस्टर पिन १ आणि २ मध्ये, एक पिन १ आणि ३ मध्ये जोडा. दोन्ही प्लग एकाच वेळी लावून फँटम चालू करा आणि पिन २ वर व्होल्टेज बघा. गणिताने २८.६ व्होल्ट यायला हवेत. २७ ते ३० मधलं काहीही ठीक. २० दिसले तर तो डबा परत करा. ही चाचणी एकदा नव्या सेलवर आणि एकदा अर्ध्या संपलेल्या सेलवर करा, कारण नव्या सेलवर सगळेच पास होतात. एक गैरसमजही इथेच काढून टाकू. माइक लावल्यावर पिनवर ३०-३५ व्होल्ट दिसले म्हणून घाबरू नका. ५ मिलिअँपिअर ओढणाऱ्या माइकला दोन समांतर रेझिस्टरांतून १७ व्होल्टची घट होणारच, आणि माइकचं सर्किट तेवढं धरूनच केलेलं असतं.

कन्व्हर्टरची दुसरी खोड म्हणजे बारीक शिटी. एका एक्सएलआर प्लगमध्ये पिन २ आणि ३ मध्ये १५० ओहमचा रेझिस्टर जोडा. दोन्ही पिनांवर सारखंच डीसी असल्यामुळे त्यातून फँटमचा प्रवाह वाहत नाही, म्हणून भीती नाही. तो लावून गेन पूर्ण वर करा, एक मिनिट फँटम बंद ठेवून आणि एक मिनिट चालू ठेवून रेकॉर्ड करा आणि हेडफोनवर ऐका. दोन्हींत नुसती सारखीच हिस असावी. चालू केल्यावर सू-सू किंवा गुणगुण वाढली तर ती आलापातही येईल, आणि नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने तंबोऱ्याच्या वरच्या स्वरांना धक्का न लावता काढता येत नाही. जवारीचा (तंबोऱ्याच्या झणकाराचा) सगळा जीव त्याच पट्ट्यात असतो.

इथेच एक सावधगिरी. फेटहेड किंवा क्लाउडलिफ्टर ही नावं शोधताना समोर येतील, आणि दिसायला ती 'सर्वांत छोटे प्रीअँप' वाटतील. ती साधनं पुढच्या यंत्राकडून फँटम घेऊन डायनॅमिक आणि रिबन माइकला २५-२७ डीबीची वाढ देतात. ती स्वतः फँटम तयार करत नाहीत, आणि त्यांचे साधे नमुने ते माइकपर्यंत पोचूही देत नाहीत. तुमच्या कामाला उपयोग शून्य. तसंच रेकॉर्डरच्या माइक-इनवरचं प्लग-इन पॉवर म्हणजे फँटम नव्हे. ते दोन-तीन व्होल्टचं, छोट्या कॉलर माइकसाठी असतं. एनटी५ त्यावर जागाही होणार नाही.

सेलचा हिशेब. दोन माइक प्रत्येकी ५ मिलिअँपिअर ओढणारे धरले तर ४८ व्होल्टवर ०.४८ वॉट. कन्व्हर्टरची कार्यक्षमता ७५ टक्के धरून ०.६४, आणि प्रीअँपच्या स्वतःच्या सर्किटला ०.१८ धरले की झाले ०.८२ वॉट. ९ व्होल्टच्या चौकोनी सेलवर हे ९० मिलिअँपिअर होतात. तो सेल कागदावर ५०० मिलिअँपिअर-तासांचा असला तरी इतक्या ओढीला तेवढा देत नाही. तीन-चार तासांत संपतो. रिचार्ज होणारा चौकोनी सेल २०० ते २५० चा असतो, म्हणजे जेमतेम सव्वादोन ते पावणेतीन तास. बड्या ख्यालानंतर द्रुत सुरू झाली की जाणार. म्हणून चौकोनी सेलवर चालणारा डबा टाळा. पेन्सिल सेलवर (एए आकाराच्या) चालणारा घ्या. २००० मिलिअँपिअर-तासांच्या चांगल्या निकेल-मेटल-हायड्राइड सेलमध्ये २.४ वॉट-तास असतात. दोन सेलांत ४.८ आणि वरच्या हिशेबाने सुमारे पावणेसहा तास. चार सेलांचा डबा असेल तर तीन बैठकी. साधे अल्कलाइन सेल मोठ्या ओढीला लवकर बसतात आणि थंडीत आणखी लवकर.

पॉवर बँकेचं काय? १०,००० मिलिअँपिअर-तासांची बँक म्हणजे आतल्या ३.७ व्होल्टवर ३७ वॉट-तास, म्हणजे कोरड्या कागदावर आठवडाभराची बेगमी. पण कित्येक बँका ओढ फार कमी असली की 'फोन भरला' असं समजून स्वतःला बंद करतात, आणि तुमचा प्रीअँप फोनपेक्षा कितीतरी कमी ओढतो. शिवाय एकाच बँकेवर रेकॉर्डर आणि प्रीअँप दोन्ही लावले तर जमिनीचं वर्तुळ (ग्राउंड लूप, म्हणजे दोन यंत्रं दोन वाटांनी जोडली जाणं) तयार होऊन बँकेच्या स्विचिंगचा किणकिणाट येतो. बँक वापरायचीच तर फक्त रेकॉर्डरला लावा, प्रीअँप सेलवर ठेवा, आणि ही जोडणी घरी तीन तास सलग चालवून बघा.

प्रीअँप ते रेकॉर्डर ही दीड वितीची तार सगळ्यांत दुर्लक्षित आणि सगळ्यांत जास्त घात करणारी. ती लाइन-इनमध्येच जायला हवी. रेकॉर्डरला एकच जॅक असून मेन्यूतून माइक किंवा लाइन निवडायचं असेल तर लाइन निवडा आणि प्लग-इन पॉवर बंद आहे याची खात्री करा, नाहीतर ते डीसी प्रीअँपच्या आउटपुटवर चढतं आणि खडखड किंवा फाटका आवाज येतो. फक्त माइक-इन असलेल्या रेकॉर्डरसाठी पॅडची तार बनवा: प्रत्येक चॅनेलला १० किलोओहम ओळीत आणि ३३० ओहम जमिनीला (तारेच्या ग्राउंडला), की ३० डीबी कमी होतात. ३३० ऐवजी १.१ किलोओहम लावला तर २० डीबी. प्रीअँपचं आउटपुट एक्सएलआर असेल तर पिन ३ थेट जमिनीला जोडावी की मोकळी सोडावी हे त्या प्रीअँपच्या पुस्तिकेत बघूनच ठरवा. ट्रान्सफॉर्मर असलेल्या आउटपुटला ती जोडावी लागते. काही इलेक्ट्रॉनिक आउटपुटना जोडली तर ती तापतात आणि आवाज विकृत होतो. ३.५ मिलिमीटरचा जॅक एका धक्क्याने ढिला होतो, म्हणून तार रेकॉर्डरच्या अंगाला कापडी टेपने बांधून टाका. चहाचा ट्रे घेऊन फिरणाऱ्या उत्साही मंडळींनी आजवर जितकी रेकॉर्डिंग बिघडवली तितकी एकाही प्रीअँपने बिघडवली नसतील.

आता प्रत्यक्ष यंत्रं. सेलवर चालणाऱ्या सुट्या दोन-चॅनेली प्रीअँपचा बाजार आटत चालला आहे. साउंड डिव्हायसेसचे एमपी-२ आणि मिक्सप्री-डी, ग्रेस डिझाइनचा ल्यूनाटेक व्ही३ ही या कामातली मानाची नावं, पण आता उत्पादन बंद. वापरलेले मिळतात. घेताना सेलचा खण असेल तर त्यातले पत्रे गंजलेले नाहीत ना, गेनचं बटण फिरवताना खरखरत नाही ना हे बघा आणि वरची १० किलोओहमची चाचणी विक्रेत्यासमोरच करा. स्वित्झर्लंडच्या सोनोसॅक्सचे छोटे प्रीअँप फार सुंदर, किमतीही तशाच.

म्हणून स्पष्ट मत देतो: सुटा प्रीअँप शोधण्यापेक्षा रेकॉर्डरच बदला. झूम एफ३ मध्ये कुलूप लागणारे दोन एक्सएलआर, २४ आणि ४८ व्होल्टचं फँटम आणि ३२-बिट फ्लोट (आवाज वाढला तरी आकडे न कापणारी साठवण) आहे. दोन पेन्सिल सेलांवर चालतो आणि तळहातावर मावतो. ईआयएन उणे १२७ डीबीयू. माइक इनपुट अधिक ४ डीबीयूपर्यंत सोसतं, म्हणजे तुमच्या माइकसमोर जवळजवळ १३४ डीबी; तबलजी कितीही रंगात आला तरी तिथे पोचत नाही. याला गेनचं बटणच नाही, त्यामुळे वरचा गेनचा सगळा हिशेब निकालात निघतो. पण तीन तास फँटमसह त्याचे दोन सेल पुरतील असं धरू नका. यूएसबी-सीवर पॉवर बँक लावा आणि सेल आत राहू द्या, म्हणजे तार निसटली तरी रेकॉर्डिंग चालू राहतं. तीन माइक लागणार असतील, मिसळून ऐकायचं असेल तर साउंड डिव्हायसेस मिक्सप्री-३ ची दुसरी आवृत्ती (II). तो मोठा, महाग आणि सेल खाणारा, पण बटणं हाताशी असतात. झूम एच५ किंवा टॅस्कॅम डीआर-४०एक्स असा एक्सएलआर आणि फँटम असलेला रेकॉर्डर कोणाकडे पडून असेल तर आधी तोच वापरून बघा. एच५ चा ईआयएन उणे १२० आहे, आणि त्याने किती फरक पडतो ते वर आलंच आहे: १ डीबी. त्याच्यापुढे सुटा प्रीअँप लावणं हा पैशाचा अपव्यय.

तुमचा सध्याचा रेकॉर्डर फारच आवडता असेल आणि सुटाच डबा हवा असेल, तर अटी या: किमान गेन १२ किंवा त्याखाली, अथवा पॅड, १० किलोओहमच्या चाचणीत २७ व्होल्ट, पेन्सिल सेल, पायऱ्यांचं गेन, आणि धातूचा डबा. प्लॅस्टिकच्या डब्यात मोबाइलची घरघर शिरते. कलाकारांचे फोनही माइकच्या तारेपासून एक-दोन मीटर लांब ठेवायला सांगा. फ्लाइट मोडवर टाकले तर सोन्याहून पिवळं, पण बुजुर्ग गवयांना ते सांगायला यजमानांनाच पुढे करा.

३२-बिट फ्लोटबद्दल एक चुकीची समजूत पसरली आहे की आता काहीच फाटत नाही. फ्लोट फक्त आकड्यांच्या टोकाला वाचवतं. माइकचा कॅप्सूल (आवाज टिपणारा आतला भाग) फाटला किंवा अ‍ॅनालॉग इनपुट मर्यादेबाहेर गेलं तर ते फाटलेलंच साठवलं जातं, फक्त फार बारकाईने. लाउडस्पीकरच्या मिक्सरमधून फीड (तयार सिग्नल) घेतलात तर इनपुट लाइनवर ठेवा आणि त्या जॅकचं फँटम बंद करा. मिक्सरच्या आउटपुटला उलटे ४८ व्होल्ट देऊ नयेत. फीडमध्ये ५० किंवा १०० हर्ट्झची गुणगुण आली तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (सिग्नल जाऊ देणारा, पण तारांची थेट जोडणी तोडणारा) लावा. अर्थिंगची पिन तोडण्याचा सल्ला कोणी देईल. तो ऐकू नका.

डिसेंबरातल्या मैफलींसाठी वेगळी तयारी लागते. ग्वाल्हेरच्या हजिरा भागात तानसेनाच्या समाधीजवळ होणारा, १९२४ पासून चालत आलेला समारोह असो की एखाद्या कॉलनीतला मांडव, रात्री तापमान एक आकडी होतं आणि दव पडतं. (सार्वजनिक समारोहात रेकॉर्डिंग करायला आयोजकांची आणि कलाकारांची परवानगी आधी घ्या, मांडवात शिरल्यावर विचारणं म्हणजे नकार मागून घेणं.) कंडेन्सर माइकच्या कॅप्सूलवर ओल बसली की चरचर, फुटाणे फुटल्यासारखा आवाज येतो. गार मांडवातून उबदार खोलीत आल्यावर पिशवी लगेच उघडू नका. सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद ठेवून तासाभराने उघडा. सेलची राखीव जोडी पिशवीत नको, कोटाच्या आतल्या खिशात ठेवा. उघड्यावर फोमची टोपी पुरत नाही, केसाळ टोपीच लागते. उन्हाळ्यात उलट: लू आणि धूळ. त्या दिवसांत स्विच आणि जॅक महिन्यातून एकदा कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा.

लो-कटचं (ठरावीक हर्ट्झखालचा आवाज कापणारं) बटण प्रीअँपवर बहुधा असतं, आणि 'घरघर जाते' म्हणून लोक ते बिनधास्त दाबतात. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झला आणि तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झला. १५० चा लो-कट दाबलात तर खर्जाचा पाया गेला आणि बायाँची (डग्ग्याची) घुमारही. ८० चाही खर्जाला चावतो. काळी चार-पाचमध्ये गाणाऱ्या गायिकेसाठी खर्ज १०० च्या वर असतो, तिथे ८० चालतो. पण घरघरीचं मूळ कारण लाकडी तख्तावर ठेवलेलं स्टँड असतं. स्टँड जमिनीवर घ्या, पायांखाली चौपदरी सतरंजी घाला आणि लो-कट ४० वर ठेवा किंवा बंद.

माइक कुठे? कलाकार खाली बसतात, म्हणून स्टँड मीटरभर उंचीच्या आसपास, गायकापासून दीड मीटर. दोन माइकांमध्ये १७ सेंटिमीटर अंतर आणि ११० अंशांचा कोन ही मांडणी बैठकीला बहुधा बरोबर बसते. तबला गायकाच्या उजव्या हाताला, म्हणजे श्रोत्यांच्या डावीकडे असतो. तो फार पुढे येत असेल तर गेन कमी करून उपयोग नाही, सगळंच कमी होतं. जोडी एक वीत पेटीकडे सरकवा आणि गायकाच्या जवळ न्या.

लेव्हल ठरवताना गायकाला षड्ज लावायला सांगू नका. तार सप्तकातली एखादी सपाट तान घ्यायला सांगा आणि तबलजीला तिहाई वाजवायला. त्या शिखराला मीटर उणे १५ वर ठेवा. मैफल रंगली की माणसं ३ ते ६ डीबी वर जातात, आणि ग्वाल्हेर घराण्याचा खुला आकार तर जातोच जातो. मग गेनला हात लावायचा नाही. मध्ये बदललेला गेन आलापात पायरीसारखा ऐकू येतो.

कार्डाचं शेवटचं. ४८ किलोहर्ट्झ, २४-बिट स्टिरिओला तासाला १ जीबीच्या किंचित वर जागा लागते, ३२-बिट फ्लोटला १.४ जीबी. अनेक रेकॉर्डर २ किंवा ४ जीबीला फाइल तोडून नवी सुरू करतात. बहुतेकांत जोड बेमालूम असतो, काहींत क्षणभर पोकळी पडते. घरी टीव्हीसमोर तीन तासांची फाइल करून जोडाच्या जागी कान लावून ऐका. पोकळी असेल तर विलंबित संपून द्रुत सुरू होण्याआधीच्या टाळ्यांत स्वतःच थांबवून नवी फाइल सुरू करा.